३० जानेवारीपर्यंतचा निधी

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात मी एका बिगरसरकारी संस्थेत ग्रँटचं काम बघते. सरकारी अनुदानासाठी अर्ज लिहायचा, ते मिळालं की पै-पैचा हिशेब ठेवायचा, दर तिमाहीला अहवाल पाठवायचा. आमची संस्था बेघर माजी सैनिकांना नोकरीला लावते. त्यासाठीचा बराचसा पैसा अमेरिकेच्या लेबर डिपार्टमेंटकडून, म्हणजे केंद्राच्या कामगार खात्याकडून येतो. हे मी नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस लिहिते आहे. सध्याचं अनुदान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, ३० जून २०२६ ला संपेल. तीन वर्षांत हा पैसा मागताना, खर्च करताना आणि २०२५ मध्ये तो थांबेल की काय या धास्तीत काढताना जे पाहिलं, ते सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

मी मूळची सातारची. आमच्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्याला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मी काय काम करते हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “फौजेतला माणूस बेघर कसा होईल? पेन्शन नाही का त्यांना?” बहुतेकांना नसते. आपल्याकडे जवानाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन बसते. अमेरिकेत सेवानिवृत्तीच्या पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात आणि बहुतेक पोरं एका कराराची तीन-चार वर्षं करून बाहेर पडतात. सेवेत जखमी झालेल्यांना भरपाई मिळते, पण दुखापत सेवेमुळेच झाली हे कागदावर सिद्ध करावं लागतं. चार वर्षं भरली, घरी आला, लग्न मोडलं, पाठ दुखते म्हणून गोळ्या सुरू झाल्या, नोकरी गेली, भाडं थकलं, असा तो उतार असतो. आपल्याकडे २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांची भरती सुरू झाली आहे. तिच्याकडे बघताना इथला अनुभव माझ्या डोक्यातून जात नाही.

जानेवारी २०२४ च्या देशव्यापी गणनेत एका रात्रीत ३२,८८२ माजी सैनिक बेघर आढळले. २०१० मध्ये हाच आकडा चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात होता. म्हणजे निम्म्याहून जास्त घट. मी हे मुद्दाम सांगते, कारण सरकारी पैसा वाया जातो असं ऐकायची सवय आपल्याला लागली आहे. इथे तो वाया गेलेला नाही. सलग, बरीच वर्षं, दोन्ही पक्षांच्या सरकारांनी पैसा घातला आणि माणसं रस्त्यावरून घरात गेली.

हा पैसा तीन खिशांतून येतो. माजी सैनिकांचं खातं दवाखाना, तात्पुरता निवारा आणि थकलेलं भाडं बघतं. गृहनिर्माण खातं त्यांच्यासोबत मिळून कायमच्या घरभाड्याची व्हाउचर देतं. आणि कामगार खातं फक्त नोकरीचं बघतं. या तिसऱ्या योजनेचं नाव होमलेस व्हेटरन्स रिइंटिग्रेशन प्रोग्रॅम. आम्ही सगळे तिला ‘एचव्हीआरपी’ म्हणतो. १९८७ च्या मॅकिनी कायद्यापासून ती चालू आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात देशभरासाठी तिला साडेसहा कोटी डॉलर होते, आणि अमेरिकेच्या केंद्रीय अर्थसंकल्पात एवढी रक्कम कुणाच्या नजरेसही पडत नाही. एका संस्थेला वर्षाला जास्तीत जास्त पाच लाख डॉलर. त्यातून घरभाडं भरायचं नाही. माणसाला शोधायचं, तयार करायचं, कामाला लावायचं आणि तो कामावर टिकतो का ते बघायचं.

२०२३ च्या वसंतात मी हा अर्ज लिहिला. सूचना निघाल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत हाताशी थोडेच आठवडे असतात, म्हणून निम्मी तयारी आधीच करून ठेवावी लागते. सरकारी पुरवठादारांच्या यादीत संस्थेची नोंदणी चालू हवी, तिचं दरवर्षी नूतनीकरण हवं, नाहीतर अर्ज दाखलच होत नाही. मग खरा भाग येतो. तुमच्या भागात बेघर माजी सैनिक किती, त्यांच्यातल्या बायका किती, तुरुंगातून नुकते सुटलेले किती, बेरोजगारी किती, कुठल्या धंद्यात माणसं कमी पडताहेत. प्रत्येक आकड्याला आधार हवा. शहरातल्या निवारा यंत्रणेचं पत्र हवं, सरकारी रोजगार केंद्राशी करार हवा, माजी सैनिकांच्या दवाखान्याशी ताळमेळ हवा. आणि एक तक्ता: वर्षात किती जणांना दाखल करून घ्याल, किती जणांना नोकरी लावाल, तासाला सरासरी किती पगार, एका नोकरीमागे सरकारचा खर्च किती.

या तक्त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. एका नोकरीमागचा खर्च कमी दाखवला की गुण बरे मिळतात. पण खर्च कमी ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे ज्यांना नोकरी सहज लागेल अशांनाच घ्यायचं. लायसन्स असलेला, नशेत नसलेला, पंचविशीतला. पुलाखाली झोपणारा साठीचा माणूस त्या तक्त्यात महाग पडतो. आमच्या संचालकबाई स्वतः लष्करात परिचारिका होत्या. त्यांनी सांगितलं, आपण खरा आकडा टाकायचा आणि तो का जास्त आहे ते लिहायचं. तसंच केलं, आणि जूनमध्ये मंजुरीपत्र आलं. तक्ता भरताना कुणाला वगळायचं हे नकळत ठरून जातं, हे मी त्या महिन्यात शिकले.

मंजूर म्हणजे खात्यात जमा, असं मात्र नाही. पैसा सरकारच्याच खात्यात असतो. खर्च झाला की आम्ही पेमेंट मॅनेजमेंट सिस्टिम नावाच्या सरकारी पोर्टलवरून तेवढी रक्कम उचलायची. आम्ही याला ड्रॉडाऊन म्हणतो. पगाराच्या दोन दिवस आधी ड्रॉडाऊन टाकायचा आणि तो दुसऱ्या दिवशी बँकेत यायचा, असा आमचा शिरस्ता. मोठ्या संस्थांकडे गंगाजळी असते. आमच्यासारख्या लहान संस्था या पोर्टलच्या जिवावर चालतात.

त्यामुळे जानेवारी २०२५ चा शेवटचा आठवडा मी विसरणार नाही. २७ तारखेला व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने सगळ्या केंद्रीय अनुदानांचं वाटप तात्पुरतं थांबवण्याचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडलं तर वरच सूचना होती की पैसे द्यायला उशीर होईल किंवा मागणी नाकारली जाईल. आमचा पगार शुक्रवारी होता. न्यायालयाने त्याच संध्याकाळी आदेश रोखला, पुढच्या दिवशी सरकारने तो मागे घेतला आणि आमचा ड्रॉडाऊन उशिरा का होईना आला. देशात सगळं सुरळीत झाल्याचं जाहीर झालं. पण आमच्या दोन केस मॅनेजरांपैकी, म्हणजे माणसाला नोकरीपर्यंत नेणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी, एकाने त्या आठवड्यात दुसरीकडे अर्ज टाकला आणि मार्चमध्ये तो गेला. तो स्वतः इराकला जाऊन आलेला होता, लोक त्याच्याशी बोलत असत. त्याच्या यादीतली बरीच माणसं नंतर आमच्याकडे फिरकलीच नाहीत. खंड दोन दिवसांचा होता, आणि असं नुकसान कुठल्याच अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

आता त्या गृहस्थाबद्दल सांगते ज्यांच्यामुळे हे सगळं मला इतकं जवळून कळलं. नाव सांगणार नाही. वय पन्नाशीच्या आतबाहेर, लष्करात चार वर्षं ट्रक आणि हम्वी नावाच्या लष्करी गाड्या दुरुस्त करायचे. २०२५ च्या उन्हाळ्यात आले तेव्हा जुन्या गाडीत राहत होते. गाडीत राहणारा माणूस कायद्याने बेघरच धरतात. बोलायला मितभाषी, सगळ्यांना ‘मॅम’ म्हणणार, आणि हात कायम पुसत असल्यासारखे एकमेकांवर चोळणार.

पहिली अडचण डीडी-२१४ ची. लष्कर सोडताना मिळतो तो दाखला. आपल्याकडच्या डिस्चार्ज बुकासारखा. सेवा किती झाली, कुठे झाली आणि मुख्य म्हणजे कशा शेऱ्यावर सोडलं, हे त्यात असतं. ‘डिसऑनरेबल’ शेरा असेल तर आमच्या योजनेत प्रवेश नाही. बेघर माणसाकडे हा कागद जवळजवळ कधीच नसतो. भिजतो, चोरीला जातो, तंबू उचलताना महापालिकेच्या गाडीत जातो. मग सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून नक्कल मागवायची. कोविडच्या काळात तिथे सहा लाखांहून जास्त अर्ज तुंबले होते, तो ढीग २०२४ च्या सुरुवातीला संपला. आता बेघर असल्याचं कळवलं की तातडीने पाठवतात. यांचा कागद लवकर आला. आमच्या केस मॅनेजर बाईंनी तो छापून त्यांच्या हातात दिला तेव्हा ते टेबलाशी उभे राहून बराच वेळ वाचत होते. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे पदक मला मिळालं होतं हे मी विसरलोच होतो.”

दुसरी अडचण लायसन्स. मुलांच्या पोटगीचे हप्ते थकले की ओहायोत ड्रायव्हिंग लायसन्स स्थगित होऊ शकतं. लायसन्स नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर पोटगी भरणार कुठून. हे चक्र तोडायचं तर पोटगीच्या कार्यालयात बसून परवडेल असा हप्ता ठरवून घ्यावा लागतो. ते काम केस मॅनेजर करते. माझ्या हिशेबात ते नुसतं ‘पगार’ म्हणून दिसतं. कुणी मला विचारतं, एवढा पैसा कर्मचाऱ्यांच्या पगारावर का, थेट माणसाला का देत नाही? त्या दुपारी त्या कार्यालयातल्या खुर्चीवर त्यांच्या शेजारी कुणी बसलं नसतं तर ते उठून निघून गेले असते, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

सप्टेंबरच्या शेवटी एका डिझेल गॅरेजने त्यांना घ्यायचं कबूल केलं. पगार बरा. अट एकच, हत्यारं स्वतःची. इथल्या गॅरेजांत हीच रीत आहे. लिफ्ट आणि मोठी यंत्रं मालकाची, पण पाने, सॉकेट, टॉर्क रेंच, मल्टिमीटर मेकॅनिकचे. फोरमनने हाताने लिहिलेली यादी दिली होती, तेलाचे डाग पडलेला पिवळा कागद. गृहस्थ माझ्या टेबलाशी बसून एकेका ओळीवर खूण करत गेले. हे लागेल. हे आत्ता नको, पहिल्या पगारात घेईन. हे सेटमध्ये घेतलं तर स्वस्त पडतं. ब्रँड सांगताना त्यांचा आवाज बदलला, पहिल्यांदाच मला वाटलं की समोर एक कारागीर बसलाय. त्यांनी काटछाट करून यादी अडीच हजार डॉलरच्या आत आणली. शिवाय पोलादी टोकाचे बूट.

एचव्हीआरपीतून कामाची हत्यारं घेता येतात, त्यात शंका नाही. पण एका माणसावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च असेल तर आधी खात्याच्या अधिकाऱ्याला कळवून होकार घ्यायचा, ही शिस्त आमच्या संस्थेने स्वतःच लावून घेतली आहे. ऑडिटच्या वेळी तीच कामाला येते. मी मेल पाठवला आणि १ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं.

शटडाऊन म्हणजे काय, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावून सांगणं अवघड जातं. आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान होतं, कामकाज थांबत नाही. इथे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तोवर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, खर्चाला मंजुरी दिली नाही तर खात्यांना पैसा खर्च करायचा अधिकारच उरत नाही. अत्यावश्यक सोडून बाकीचे कर्मचारी बिनपगारी घरी. कामगार खात्यातले बहुतेक लोक असेच घरी गेले. माझ्या मेलला स्वयंचलित उत्तर आलं की निधीअभावी मी कामावर नाही, निधी मंजूर झाल्यावर उत्तर देईन. त्या अधिकाऱ्याचा यात काहीच दोष नाही. त्याच्याही घरी पगार नव्हता.

आमच्या ग्रँटचा पैसा आधीच्या वर्षातून बाजूला काढलेला असल्याने ड्रॉडाऊन चालू होते. पण विचारायला माणूस नव्हता. गॅरेजवाला दोन आठवडे थांबायला तयार होता, त्यापुढे नाही. संचालकबाई, मी आणि आमचा हिशेबतपासनीस बसलो. नियम पुन्हा वाचले, खर्च का गरजेचा आहे याचं टिपण लिहिलं, फोरमनची यादी, नोकरीचं पत्र आणि दोन दुकानांची दरपत्रकं जोडली आणि ठरवलं की हत्यारं घ्यायची. खात्याने उद्या हा खर्च नाकारला तर संस्था देणगीच्या पैशातून भरेल. असा निर्णय घेता आला कारण त्या महिन्यात देणगीचा पैसा शिल्लक होता. शिल्लक नसलेल्या संस्थेतल्या माणसाची नोकरी गेली असती आणि त्याचं कारण कुठेही नोंदलं गेलं नसतं.

ऑक्टोबर सरला तसा दुसरा फटका आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरकारी अन्नसाहाय्य, ज्याला इथे स्नॅप म्हणतात, ते लोकांच्या कार्डावर जमा झालं नाही. देशात चार कोटींहून जास्त लोक त्यावर जेवतात, आमच्याकडचे बहुतेक जण त्यात. पहिला पगार हातात यायच्या आधीचे आठवडे माणूस याच कार्डावर काढतो. आमचं ऑफिस नोकरीचं, पण त्या दिवसांत मागच्या खोलीत डाळ, पीनट बटर आणि टिनबंद चिकनचे खोके रचलेले होते. कोलंबसच्या मराठी मंडळातल्या काही घरांनी एका फोनवर तांदूळ आणून दिले. त्यातच जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने माजी सैनिकांना आणि बेघरांना स्नॅपच्या कामाच्या अटीतून असलेली सूट काढून टाकली होती. महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण दाखवा. दाखवायला हरकत नाही, पण ते दाखवण्यासाठी मदत करणारं केंद्र चालू असायला हवं.

सरकार ४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला उघडलं. घरी बसलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना मागचा पगार मिळाला, तसा २०१९ चा कायदाच आहे. अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या लोकांना असा कायदा नाही. आणि त्या दिवशी मंजूर झालेलं विधेयक मी वाचायला घेतलं तेव्हा खरी गोष्ट समोर आली. माजी सैनिकांच्या खात्याला संपूर्ण वर्षाचा निधी मिळाला होता. त्यांच्या दवाखान्यांना तर एक वर्ष आगाऊ मंजुरी मिळायची सोय २००९ पासून आहे, म्हणून शटडाऊनमध्येही ते चालू राहिले. पण कामगार खातं वेगळ्या विधेयकात येतं, शिक्षण आणि आरोग्याबरोबर, आणि ते विधेयक दरवर्षी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात भांडून मंजूर होतं. त्याला मिळाला फक्त ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा निधी.

म्हणजे एकाच माणसाच्या पाठीचा इलाज वर्षभर होणार, पण त्याला कामाला लावणारी योजना अडीच महिन्यांच्या मुदतीवर. काँग्रेसमध्ये माजी सैनिकांच्या बाजूने न बोलणारा एकही सदस्य मला आजवर दिसलेला नाही. तरी त्यांच्या नोकरीचा पैसा अशा खात्यात ठेवलाय जिथे त्याला सुरक्षितता नाही. माझं स्पष्ट मत आहे की दवाखान्यासारखीच एचव्हीआरपीलाही आगाऊ मंजुरी हवी. रक्कम वाढवली नाही तरी चालेल, पण ती येणार हे एक वर्ष आधी कळलं पाहिजे. माणसाला गाडीतून गॅरेजपर्यंत न्यायला सहा-आठ महिने लागतात आणि तेवढे महिने एकच केस मॅनेजर त्याच्यासोबत असावी लागते.

खात्याचं कामकाज बंद पडल्याचा आणखी एक परिणाम आता पुढच्या अर्जाची तयारी करताना भोवतोय. बेरोजगारीचे आकडे कामगार खात्याचाच विभाग काढतो, माजी सैनिकांच्या बेरोजगारीचा दरही त्याच पाहणीतून येतो. शटडाऊनमुळे ऑक्टोबर २०२५ ची घरोघरची पाहणी झालीच नाही. तो महिना आता कायमचा रिकामा राहणार. नोव्हेंबरअखेर संस्थेच्या तक्त्यात मी त्या जागी आडवी रेघ मारली आहे आणि खाली टीप लिहिली आहे.

अधिकाऱ्याचं उत्तर सरकार उघडल्यावर आठवड्याभरात आलं. खर्च मान्य, कागदपत्रं व्यवस्थित आहेत. गृहस्थ तोवर कामाला लागलेले होते. घरभाड्याच्या व्हाउचरच्या यादीत त्यांचं नाव आहे. व्हाउचर मिळेपर्यंत ते एका निवाऱ्यात राहतात आणि गाडी फक्त ये-जा करायला वापरतात.

नोकरी टिकली का, हे आमच्या योजनेत माणूस बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत मोजतात. त्यांची दुसरी तिमाही जुलै २०२६ नंतर येईल, म्हणजे आताचं अनुदान संपल्यावर. तेव्हा फोन करणाऱ्या केस मॅनेजरच्या पगारासाठी तीन महिन्यांचा राखीव निधी आत्ताच बाजूला काढावा, असा ठराव मी संस्थेच्या बोर्डापुढे ठेवला आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी जे नागरिक आहेत, त्यांना मी दुसरी विनंती करते आहे. आपल्या काँग्रेस सदस्याच्या स्थानिक कार्यालयात फोन करा. ‘माजी सैनिकांना मदत करा’ असं मोघम सांगू नका. कामगार खात्याच्या विधेयकातल्या एचव्हीआरपीचं नाव घ्या आणि तिला वर्षभराचा निधी कधी देणार ते विचारा. फोन उचलणारी मुलगी नाव, पिनकोड आणि विषय लिहून घेते, आणि या विषयावर किती फोन आले हे त्या कार्यालयात मोजलं जातं.